बॉयलर चालू, तरी घर गार: ऊब कुठे अडते ते आधी शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन मजली घर, गॅसचा बॉयलर, नऊ रेडिएटर (बॉयलरचं गरम पाणी आत फिरवून खोली तापवणारी भिंतीवरची धातूची तावदानं). थर्मोस्टॅट २१ अंशांवर लावलेला, पण थंडी वाढली की घर १७ अंशांच्या पुढे सरकत नाही. बॉयलर दिवसभर चालू-बंद होत असतो, नळाला गरम पाणी व्यवस्थित येतं. वरच्या मजल्यावर बरं असतं, खालची बैठकीची खोली मात्र गार. गेल्या हिवाळ्यापर्यंत एवढा त्रास नव्हता. तपासायला आलेल्या माणसाने दहा मिनिटांत ‘बॉयलर म्हातारा झालाय, बदलून टाका’ असा निकाल दिला. बदलावा का?

इतक्यात नको. नवा बॉयलर भिंतीवर झळकतोय आणि घरातली माणसं स्वेटर घालून त्याच्याकडे बघत बसली आहेत, असं दृश्य मी पुष्कळदा पाहिलंय. तुमच्या वर्णनात तर बॉयलरच्या बाजूनेच बोलणाऱ्या गोष्टी जास्त आहेत.

पहिली गोष्ट नळाच्या पाण्याची. तुमच्याकडे वेगळी टाकी नसेल आणि बॉयलरच पाणी जागच्या जागी तापवून देत असेल, तर मिनिटाला १० लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला साधारण २४ किलोवॉट लागतात. घर उबदार ठेवायला सहसा याच्या निम्मीही ताकद लागत नाही. त्यामुळे जो बॉयलर अंघोळीला धो धो कढत पाणी देतो त्याचा बर्नर, पंखा आणि गॅसचा पुरवठा ठीक आहे असं मानायला हरकत नाही. टाकी असेल तर मात्र हा पुरावा तितका पक्का नाही, कारण टाकी रडतखडत तापली तरी ते तुमच्या लक्षात येणार नाही.

दुसरी गोष्ट हिशेबाची. भिंती, खिडक्या, छप्पर आणि फटींमधून घरातली उष्णता सतत बाहेर जात असते. किती जाते, ते आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. समजा, तुमच्या घरातून दर अंशाच्या फरकामागे २५० वॉट जातात. बाहेर ० आणि आत २१ हवं असेल तर ५,२५० वॉट ओतत राहावे लागतील. घर १७ वर अडकलंय, याचा अर्थ ४,२५० वॉट पोचतायत. तूट आहे फक्त १ किलोवॉटची! एखाद-दोन रेडिएटर नीट तापत नसले तरी एवढी तूट सहज येते. आणि म्हणूनच बाहेर ४ अंश असताना तुम्हाला काहीच जाणवत नाही, पारा ० वर आला की घर अडून बसतं. तुमची यंत्रणा मेलेली नाही, तिची कुठेतरी गळचेपी झाली आहे.

ती शोधायला फार अवजारं लागत नाहीत. नळीवर लावायचे दोन साधे थर्मामीटर, वही आणि थोडा संयम पुरतो. लांबून तापमान दाखवणारं पिस्तुलासारखं थर्मामीटर असेल तरी चालेल, पण चकचकीत तांब्याच्या नळीवर ते सपशेल खोटं बोलतं, खऱ्यापेक्षा कितीतरी कमी आकडा दाखवतं. नळीवर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि त्यावर नेम धरा. हा एवढा चिकटपट्टीचा तुकडा न लावल्यामुळे मोठमोठे गैरसमज झालेले मला माहीत आहेत.

सुरुवात बॉयलरपाशी करा. थंडी कडक असेल अशा सकाळी वीस मिनिटं त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसा. थर्मोस्टॅट मुद्दाम २५ वर करून ठेवा, म्हणजे तो मध्ये तोडणार नाही. आता ज्योत कधी पेटते, कधी विझते आणि पडद्यावर पाण्याचं तापमान किती दिसतं ते लिहून काढा. या एका नोंदीवरून निम्मी केस सुटते.

ज्योत पेटते, दोन-चार मिनिटांत पाणी ठरवलेल्या तापमानाला पोचतं, ज्योत विझते, थोड्या वेळाने पुन्हा तेच, आणि इकडे खोली १७ वरच. असं असेल तर बॉयलर बिचारा उष्णता तयार करतोय आणि ती घेऊन जायला कोणी येत नाहीये. दोष पुढे आहे, पाण्याच्या फिरण्यात किंवा रेडिएटरमध्ये. याउलट ज्योत अखंड जळते आणि तरीही पाणी ठरलेल्या तापमानाला पोचतच नाही, असं असेल तर एक तर बॉयलर कमी पडतोय किंवा घर चाळणीसारखं गळतंय. ‘दिवसभर चालू-बंद होत असतो’ हे तुमचे शब्द पहिल्या बाजूला बोट दाखवतात.

तिथे बसल्या बसल्याच बॉयलरला पाण्याचं तापमान किती लावलंय तेही बघा. थर्मोस्टॅटवरचा आकडा खोलीचा असतो. बॉयलरवरचा आकडा रेडिएटरमध्ये जाणाऱ्या पाण्याचा. हे दोन वेगळे आहेत आणि घरोघरी त्यांची गल्लत होते. गॅस वाचावा म्हणून गेल्या वर्षभरात कोणी हा आकडा उतरवला आहे का? रेडिएटरची छापील ताकद बहुधा ७५ अंशांचं पाणी आत, ६५ चं बाहेर आणि खोली २० अंशांवर, असं धरून काढलेली असते. तोच रेडिएटर ५५ आणि ४५ वर चालवला तर निम्मी ताकद उरते. ४५ आणि ३५ वर तर जेमतेम तीस टक्के. पाणी कोमट ठेवणं हे कंडेन्सिंग बॉयलरसाठी चांगलंच असतं. परतीचं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असलं तरच धुरातली वाफ थिजून तिची उष्णता हाती लागते. पण त्यासाठी रेडिएटर तेवढे मोठे हवेत. तपासणीपुरतं पाणी ७० वर न्या. दोन दिवसांत घर सगळीकडे सारखं २१ वर आलं, तर प्रश्न तिथेच मिटला. मग हळूहळू ५-५ अंशांनी उतरवत तुमच्या घराला झेपेल तो आकडा शोधा. वर अजून गरम आणि खाली गारच राहिलं, तर पुढे वाचा.

आता हाताने तपासायची पाळी. यंत्रणा तासभर चालू द्या आणि एकेका रेडिएटरवर तळहात फिरवा, वरून खाली, डावीकडून उजवीकडे. जपून, पाणी ७० वर असताना धातू चांगलाच भाजतो. वरची कड थंड आणि खालची गरम असेल तर आत हवा साठली आहे. वर गरम, पण खाली मध्यभागी थंड पट्टा असेल तर तळाशी गाळ बसलाय. तळ थोडासा कमी गरम असणं स्वाभाविक आहे. मी म्हणतोय तो पट्टा हाताला चटकन कळेल इतका गार असतो. संपूर्ण रेडिएटर थंड, पण शेजारचा गरम, असं असेल तर व्हॉल्व्ह अडकलाय. आणि बॉयलरपासून जितकं लांब जावं तितके रेडिएटर कोमट होत जात असतील तर पाण्याची वाटणी बिघडली आहे.

तुमच्याकडे वर बरं आणि खाली गार आहे. हे महत्त्वाचं आहे. हवा वर चढते, गाळ खाली उतरतो. हवेचा त्रास असता तर आधी वरचा मजला रडला असता. म्हणून माझा पहिला संशय गाळावर आणि दुसरा वाटणीवर. दोन्हींत फरक करायला एक प्रश्न विचारतो: मधल्या काळात घरात रंगकाम झालं का? हसू नका. रंगारी रेडिएटर उतरवतो, उतरवताना दोन्ही टोकांचे व्हॉल्व्ह बंद करतो आणि परत लावताना अंदाजाने उघडतो. वाटणी आपोआप बिघडत नाही, कोणाचा तरी हात लागावा लागतो. गाळ मात्र कोणालाही न विचारता वर्षानुवर्षं साठत राहतो आणि एका हिवाळ्यात त्रास द्यायला लागतो.

गाळ आहे की नाही ते हवा काढतानाच कळेल, तेव्हा ते काम करून टाका. यंत्रणा बंद करा आणि पाणी कोमट होईपर्यंत थांबा. पंप चालू ठेवून हवा काढायला गेलात तर उलट बाहेरची हवा आत ओढली जाऊ शकते. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात चौकोनी डोक्याचा छोटा स्क्रू असतो. त्याच्याखाली जुना पांढरा कपडा धरा, किल्ली लावून पाव फेरा फिरवा, बास. जास्त फिरवू नका, स्क्रू पूर्ण निघून हातात आला तर काळ्या पाण्याची पिचकारी थेट भिंतीवर जाते. फुस्स आवाज येईल, मग थुंकल्यासारखे थेंब, मग सलग धार. धार आली की बंद करा. हा निघणारा वायू दर वेळी हवाच असतो असं नाही. लोखंड आतून गंजताना हायड्रोजनही सुटतो, त्यामुळे शेजारी काडी किंवा मेणबत्ती नको. दर पंधरवड्याला एकाच रेडिएटरमधून वायू काढावा लागत असेल तर आत गंज जोरात चालू आहे असं समजा.

आता तो कपडा बघा. पाणी स्वच्छ किंवा किंचित मळकट असेल तर ठीक. शाईसारखं काळं असेल तर ते एका वाटीत घ्या, दहा मिनिटं राहू द्या आणि वाटीच्या बाहेरून लोहचुंबक फिरवा. तळाची काळी पूड चुंबकामागे सरकायला लागली तर तो मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचा काळा ऑक्साइड. तुमच्या रेडिएटरचीच आतून झिजलेली कातडी ती. पाणी तांबूस-तपकिरी असेल तर गोष्ट अजून वेगळी: यंत्रणेत सतत ताजा ऑक्सिजन शिरतोय, म्हणजे कुठेतरी गळती आहे आणि कोणीतरी वरचेवर नवं पाणी भरतंय.

हवा काढल्यावर प्रेशर उतरतं, ते बघायला विसरू नका. सीलबंद यंत्रणेत पाणी थंड असताना काटा १ ते १.५ बारच्या दरम्यान हवा. कमी असेल तर भरण्याचा व्हॉल्व्ह हळूच उघडून तेवढं आणा आणि व्हॉल्व्ह पुन्हा घट्ट बंद करा. लोक हा व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवून विसरतात आणि मग प्रेशर चढत जातं. थंड असताना काटा जवळजवळ शून्यावर आणि तापल्यावर ३ च्या आसपास, अशी उडी दिसत असेल तर प्रसरण टाकीतली, म्हणजे तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा देणाऱ्या छोट्या टाकीतली, हवा गेली आहे किंवा तिचा पडदा फाटलाय. ३ बारला सुरक्षा व्हॉल्व्ह उघडतो, पाणी बाहेर टाकतो, थंड झालं की प्रेशर पडतं, तुम्ही पुन्हा भरता. त्या प्रत्येक भरण्याबरोबर नवा ऑक्सिजन आत जातो आणि गंजाला खाद्य मिळतं. टाकी बदलणं हे बॉयलर बदलण्यापेक्षा फार छोटं काम आहे.

गाळ निघाला तर काय? खालचे जे एक-दोन रेडिएटर सर्वांत वाईट आहेत ते उतरवून अंगणात उलटेपालटे करून पाण्याच्या जोरदार धारेने धुतले तरी जाणवण्याएवढा फरक पडतो. हाताला काम येत असेल तर हे घरी करता येतं. सगळ्या यंत्रणेतच काळं पाणी असेल तर तज्ज्ञाकडून यंत्राने धुवून घ्या, परतीच्या नळीवर चुंबकाचा फिल्टर बसवा आणि शेवटी गंजरोधक रसायन घाला. क्रम महत्त्वाचा आहे. न धुता नवा बॉयलर लावला तर जुना गाळ नव्या बॉयलरच्या अरुंद मार्गात जाऊन बसतो. मग दोन वर्षांनी हाच प्रश्न पुन्हा विचारायची वेळ येते.

माझीच एक फजिती सांगतो. उमेदवारीच्या दिवसांत एका घरात टोकाचे तीन रेडिएटर थंड होते. पाणी पोचत नाही म्हणजे पंप कमजोर, असं मी ठरवलं आणि पंप बदलला. फरक शून्य. मग त्याहून मोठा पंप लावला. आता नळ्या रात्रभर गुणगुणायला लागल्या, घरातली आजी झोपेना, आणि तीन रेडिएटर तरीही थंडच. शेवटी परतीच्या नळीवरची जाळी उघडली तर तिच्यावर काळा लगदा असा दाटला होता, जणू गाळणीत चोथा. जाळी धुवायला पाच मिनिटं लागली. पहिल्याच दिवशी मी बॉयलरपाशी दोन्ही नळ्यांची तापमानं मोजली असती तर जाणाऱ्या आणि परतीच्या पाण्यातला ३० अंशांचा फरक बघून लगेच कळलं असतं की पाणी जेमतेम सरकतंय. फरक फार मोठा म्हणजे प्रवाह फार कमी. फरक दोन-चार अंशांचाच असेल तर पाणी कुठून तरी आडवाटेने, उष्णता न देताच परत येतंय.

गाळाइतकीच सामान्य, पण कोणाच्याच लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे रेडिएटरच्या टोकाची ती आकडे असलेली गोल मूठ, थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह. उन्हाळाभर ती शून्याजवळ बंद राहिली की आतली पिन खाली दाबलेल्या जागीच चिकटते. मग हिवाळ्यात मूठ ५ वर केली तरी पिन वर येत नाही. मूठ पूर्ण उघडून तिची कडी सोडवा, ती नुसती हातात येते, पाणी गळत नाही. खाली जाड सुईसारखी पिन दिसेल. एखाद्या सपाट लाकडाने ती हलकेच दाबा. दोन-तीन मिलिमीटर आत जाऊन उसळून वर आली पाहिजे. येत नसेल तर बाजूने हलकं ठोका, पुन्हा दाबा-सोडा, तेलाचा थेंब द्या. पक्कड लावून वर ओढू नका, पिन उपटून आली तर बैठकीच्या खोलीत कारंजं होईल. पिन सुटली की मूठ परत बसवा. उन्हाळ्यात या मुठी पूर्ण उघड्या ठेवल्या की हा प्रकार सहसा होत नाही.

तीच मूठ जाड पडद्याआड किंवा सोफ्याच्या पाठीमागे असेल तर ती दुसऱ्या पद्धतीने फसते. तिला खोलीची हवा लागतच नाही. पडद्यामागे कोंडलेल्या ऊन हवेत ती समजते की खोली तापली, आणि व्हॉल्व्ह बंद करून मोकळी होते. बैठकीच्या खोलीत पडदे लांब असतात, सोफे भिंतीला असतात. तुमच्या गार खोलीत हे आधी बघा, फुकटचं काम आहे. ज्या खोलीत भिंतीवरचा मुख्य थर्मोस्टॅट आहे तिथल्या रेडिएटरची मूठ मात्र कायम पूर्ण उघडी हवी. नाहीतर दोन थर्मोस्टॅट एकाच खोलीत भांडत बसतात आणि बाकी घराला त्याची शिक्षा.

आता वाटणी. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच ते कोणी करत नाही. पाणी आळशी असतं, सोप्या वाटेने जातं. तुमच्या वरच्या रेडिएटरची वाट सोपी असेल तर बहुतेक पाणी तिथून फिरून परत येतं. गंमत अशी की त्यांना त्याचा उपयोगही नसतो. १ किलोवॉट उष्णता १० अंशांच्या फरकाने सोडायला तासाला ८६ लिटर पाणी पुरतं, म्हणजे मिनिटाला दीड लिटरही नाही. तिप्पट पाणी सोडलं तर तो रेडिएटर तिप्पट तापत नाही, जेमतेम थोडा वाढतो. ते जास्तीचं पाणी खालच्या खोलीच्या वाट्याचं होतं.

प्रत्येक रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाला प्लॅस्टिकच्या टोपणाखाली आणखी एक व्हॉल्व्ह असतो, लॉकशील्ड म्हणतात त्याला. वाटणी त्यानेच करायची. आधी प्रत्येक लॉकशील्ड पान्ह्याने पूर्ण बंद करताना किती फेरे लागले ते मोजून वहीत लिहा. उद्या घोटाळा झाला तर निदान मूळ जागी परतता येईल. मग सगळे पूर्ण उघडा, मुठीही पूर्ण उघडा, आणि यंत्रणा थंड झाल्यावर पुन्हा चालू करून कोणता रेडिएटर कितव्या क्रमाने तापतो ते बघा. सर्वांत आधी तापलेल्यापासून सुरुवात. त्याचा लॉकशील्ड पूर्ण बंद करून पाव फेरा उघडा, पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि त्याच्या दोन्ही बाजूच्या नळ्यांची तापमानं मोजा. फरक १० ते १२ अंश आला पाहिजे. कंडेन्सिंग बॉयलर असेल आणि रेडिएटर मोठे असतील तर २० पर्यंतही चालतो. फरक कमी असेल तर अजून आवळा, जास्त असेल तर किंचित उघडा. मग दुसरा, तिसरा. शेवटचा बहुधा पूर्ण उघडाच राहतो. एक फेरी झाली की पहिल्यांचे आकडे थोडे हललेले असतात, म्हणून दुसरी फेरी मारावी लागते. नऊ रेडिएटरना एक अख्खा रविवार जातो. व्हॉल्व्ह अर्ध्या फेऱ्यापलीकडे उघडला की पुढे फारसा फरक पडत नाही, सगळी जादू पहिल्या पाव-अर्ध्या फेऱ्यात असते. त्यामुळे पान्हा अगदी केसभर सरकवा.

एवढं करूनही सगळे रेडिएटर खणखणीत तापलेत आणि खोली गारच, अशी वेळ आली तर दोष यंत्रणेचा राहत नाही, घराचा होतो. पोटमाळ्यावरचं इन्सुलेशन कोणी सामान ठेवायला बाजूला सारलं का, दाराखालची फट, न वापरलेल्या धुराड्यातून वर जाणारी हवा, हे बघा. वाऱ्याच्या दिवशी पेटती उदबत्ती खिडकीच्या चौकटीभोवती फिरवली की धूर आपणच फट दाखवतो. भिंती फार गार असतील तर हवा २० अंश असूनही माणूस कुडकुडतो, कारण अंगाची ऊब त्या भिंती ओढून घेतात. अशा घरात रात्री यंत्रणा पूर्ण बंद करणंही अंगलट येतं. सकाळी नुसती हवा नाही, अख्ख्या भिंती तापवायच्या असतात, आणि कडक थंडीत तेवढी जास्तीची ताकद यंत्रणेत नसते. दोन-तीन अंशच उतरवा. आणि थर्मोस्टॅट २१ ऐवजी ३० वर केल्याने घर लवकर तापत नाही. थर्मोस्टॅट कुठे थांबायचं तेवढंच सांगतो.

तुमच्याकडे रेडिएटर नसून दुसरी यंत्रणा असती तर तपासणीचा क्रम बदलला असता. गरम हवा फुंकणाऱ्या भट्टीत मी सगळ्यात आधी फिल्टर बघतो. तो तुंबला की हवा कमी जाते, भट्टी आतून जास्त तापते आणि सुरक्षा स्विच तिला वारंवार बंद करतो. बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घरात आणणाऱ्या हीट पंपाची ताकद बाहेरची थंडी वाढते तशी घटते, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच. बाहेरच्या युनिटवर पातळ हिम येणं आणि मधूनच वाफ सोडत ते वितळणं नेहमीचं आहे, पण बर्फाचा ठोकळा झाला असेल तर काहीतरी बिघडलंय. जमिनीखालच्या नळ्यांची यंत्रणा तास-दोन तासांत दाद देत नाही, तिच्यात केलेला बदल दुसऱ्या दिवशी बघायचा. आणि बाहेरच्या हवेनुसार पाण्याचं तापमान आपोआप ठरवणारी यंत्रणा असेल तर एक खूण लक्षात ठेवा: फक्त कडक थंडीतच घर गार पडत असेल तर वक्राचा (बाहेर किती थंडी असताना पाणी किती गरम ठेवायचं ते ठरवणाऱ्या रेघेचा) चढ वाढवायचा, सौम्य थंडीतही गार असेल तर अख्खा वक्र वर सरकवायचा. दोन्ही एकदम हलवले की काय लागू पडलं ते कधीच कळत नाही.

बॉयलरची एक खोडी अजून शिल्लक आहे, जी तुमच्या लक्षणांशी अर्धीमुर्धी जुळते. नळाचं पाणी आणि रेडिएटर यांच्यात मार्ग बदलणारा तीन तोंडांचा व्हॉल्व्ह अधेमधे अडकला तर नळाला पाणी झकास येतं आणि रेडिएटरला अपुरं. सगळे नळ बंद ठेवून फक्त रेडिएटर चालू करा आणि बॉयलरखालच्या नळाच्या गरम नळीला हात लावा. ती चांगलीच तापत असेल तर संशयाला जागा आहे, मात्र काही बॉयलर नळासाठी थोडं पाणी मुद्दाम आधीच तापवून ठेवतात, ते आधी बघून घ्या. तसं झालं असतं तर वरचे रेडिएटरही मंदावले असते, म्हणून तुमच्या बाबतीत मी हा संशय खालच्या क्रमावर ठेवतो.

बॉयलरचं झाकण मात्र स्वतः उघडू नका. आतला गॅस आणि ज्योत हे परवानाधारक माणसाचं काम. ज्योत निळ्याऐवजी पिवळी दिसत असेल, आसपास काजळी धरली असेल, किंवा घरातल्या सगळ्यांचंच डोकं दुखतंय, मळमळतंय आणि बाहेर गेलं की बरं वाटतंय, असं असेल तर हे वाचत बसू नका. बॉयलर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा, मग फोन करा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा अलार्म घरात नसेल तर बाकी काही घेण्याआधी तो घ्या. आणि फटी बुजवण्याच्या उत्साहात बॉयलरच्या खोलीतली हवेची जाळी बुजवू नका.

आता त्या दहा मिनिटांत निकाल देणाऱ्या माणसाबद्दल. तो चूकच आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही. त्याला पुन्हा बोलवा, वही समोर ठेवा आणि तीन गोष्टी विचारा. बॉयलरमधून जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या पाण्याचं तापमान किती होतं? ज्योत सलग जळत होती की तुटक? खालच्या रेडिएटरमधलं पाणी कोणत्या रंगाचं निघालं? त्याच्याकडे आकडे असतील आणि ते बॉयलरकडे बोट दाखवत असतील तर त्याचं ऐका. तो नुसताच बॉयलरवरच्या धुळीकडे बघत राहिला, तर दुसऱ्या माणसाला बोलवा.